मोटारीची खांदशेकणी

आमच्या मोटारीला हॉर्न होता, पण तो वाजवायची वेळ सहसा येत नसे. पुढच्या चाकांतून जो आवाज निघायचा तो मोटारीच्या आधी पोचायचा. 'कुंईऽऽ' असा तो सुरू व्हायचा आणि खड्डा आला की 'खट्' करून संपायचा. आमच्या गावच्या रस्त्यांवर तो फार वेळा संपायचा. मी कोर्टाच्या वळणावर असतानाच आत मुन्सफसाहेब साक्षीदाराला हाताने थांबवून म्हणायचे, "थांबा, पुंडलिकराव वकील येत आहेत. ते आले की तुमचं ऐकू येईल." गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. पुढे नाक्यावरच्या एका कारकुनाबद्दल चार शब्द बोलायचे आहेत आणि त्याचे सासरे माझे अशील आहेत. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. मोटार कुठल्या कंपनीची तेही सांगणार नाही. विलायती होती, हिरवी होती, आणि माझ्या हाती येईपर्यंत बरंच जग पाहून चुकली होती.

मला मात्र तिचं अतोनात कौतुक. सकाळी किल्ली फिरवल्यावर ती सुरू झाली की मला रोज नव्यानं नवल वाटायचं. एवढं लोखंड, त्याला ना जीव ना जात, आणि हाक मारली की उठतं! माझा कारकूनसुद्धा हाक मारल्यावर उठत नाही.

आमच्या सौभाग्यवतीचं, म्हणजे इंदूबाईचं, मत वेगळं होतं, आणि त्याला कारण होतं ढाणकी. ढाणकी तिचं माहेर. गेल्या पोळ्याला आम्ही मोटारीनं तिकडे निघालो, गाव नजरेच्या टप्प्यात आलं आणि मोटार चिखलात बसली. माझे सासरे बाबाराव यांनी आपली लाडकी जोडी, पवळ्या आणि चांद्या, आणून मोटारीला जुंपली. ओढता ओढता दोन्ही बैलांचे खांदे सुजले. ढाणकीच्या पोळ्यात आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली पहिल्या रांगेत उभं राहायचा मान बाबारावांच्या घराण्याचा. दुसऱ्या दिवशी ती जोडी शेवटच्या रांगेतसुद्धा नीट उभी राहिना. अख्खं गाव हसलं. "बाबारावच्या जवायानं मोटार आनली, अन् बैल लावून आनली!" बाबाराव, म्हणजे माझे मामाजी, मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर मी उलटतपासणी घेतली असती.

यंदा पोळा जवळ आला तशी इंदूबाईनं अटच घातली. "हे पाहा जी, यंदा माया बापाले मोटारीत बसवून तोरनाखाली नेसान. अन् एकही बैल लावायचा नाई. मोटार तोरनाखाली पोचली तर राहू द्या. नाई पोचली तर दिवाईच्या आत विकून टाका. त्या मानसाची मान खाली गेली तुमच्या मोटारीपायी."

मी म्हटलं, "मंजूर." वकिलानं विचार न करता 'मंजूर' म्हणू नये हे मी नव्या वकिलांना नेहमी सांगत असतो.

देवीलाल मिस्त्रीला बोलावलं. हा मूळचा तिकडे इंदूरकडचा, बोलणं सगळं हिंदी. मोटारीखाली गेला, पाय तेवढे बाहेर. बराच वेळ खालून नुसतेच सुस्कारे ऐकू येत होते. मग बाहेर येऊन डोक्याचा रुमाल काढून म्हणाला, "वकीलसाब, इसके तो कंधे गये."

पुढच्या चाकाला दोन लोखंडी हात धरून ठेवतात, असं त्यानं दाखवलं. चाक उसळलं की हात हलतात. हात जिथं मोटारीला जोडलेले, तिथं म्हणजे खांद्यात, लोखंडानं लोखंडाला खाऊ नये म्हणून रबराचं कडं बसवलेलं असतं. त्याला बुश म्हणतात. आमच्या मोटारीच्या बुशांचं तपकिरी पीठ झालं होतं. एक त्यातल्या त्यात धड त्यानं माझ्या हातावर ठेवलं. एवढंसं, अनारशाएवढं! ह्याच्यावर इंजिन, ह्याच्यावर मी, ह्याच्यावर इंदूबाई आणि माहेरी न्यायचं तिचं सामान! मी ते तळहातावर घेऊन बघतच राहिलो. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

"नया मँगवाओ," देवीलाल म्हणाला. "और एक बात याद रखना साब. रबर की तेल-घी से दुश्मनी है. बूँद भी नहीं लगनी चाहिये." ही गोष्ट मी लक्षात ठेवली. लक्षात ठेवायला फक्त मी एकटाच पुरेसा नव्हतो, हे पुढे समजलं.

नागपूरहून चार बुशांचं पार्सल बसनं आलं आणि आमच्या गावच्या नाक्यावर अडलं. नाक्यावरच्या कारकुनानं चारी बुश टेबलावर ओळीनं मांडले आणि जकातीच्या दरांचं पुस्तक उघडलं.

"हे कशात बसते जी?"

"मोटारीच्या खांद्यात."

"तसं नाई. पुस्तकात कशात बसते?"

पुस्तकात रबरी वस्तू होत्या, पण त्यात चेंडू आणि चपला. यंत्रं होती, पण त्याचं म्हणणं, यंत्राला फिरायला पाहिजे, हे तर नुसतं पडलं आहे. मी त्याला जिल्हा कोर्टात कधी करायला मिळालं नाही असं भाषण ऐकवलं. आसपासचे बंडीवाले, म्हणजे बैलगाडीवाले, जमले, दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कारकून गहिवरला. म्हणाला, "तुमचं सारं पटलं जी, वकीलसाहेब. तीन घेऊन जा. एक नमुना म्हनून वर पाठोतो. वरून कळलं का चवथा देतो." त्या नमुन्याबद्दल अजूनही वरून काही कळलेलं नाही.

"तीन से नहीं होगा," देवीलाल म्हणाला. "तीन पैर का बैल देखा है कहीं?"

आता शेजारी पुढे सरसावले. आमच्या उजव्या हाताला देवराव राहायचे. निवृत्त पोस्टमास्तर. सबंध आयुष्य लोकांची पत्रं न वाचता वाटण्यात गेल्यामुळे त्यांच्या पोटात सांगायचं फार साठून राहिलं होतं. कुणी म्हणालं सायकलची ट्यूब गुंडाळा, कुणी म्हणालं उंबराचं लाकूड बसवा. देवरावांनी सगळ्यांना गप्प केलं.

"मोटेचं चामडं! पुंडलिकराव, माया शेतातल्या मोटेनं वर्सानुवर्स पानी उपसलं. कुजली नाई, फाटली नाई. आता इंजिन बसोलं म्हून पडून हाय. विहिरीचा भार झेलला तिनं. तुमची मोटार म्हंजे काय हो, एक घागर!"

मोटारीला घागर म्हटलेलं मला लागलं. पण वेळ नव्हता. देवरावांनी स्वतः चामडं कापलं, भिजवलं, गुंडाळलं. देवीलालनं तोंड वाकडं करत ते डाव्या खांद्यात ठोकून बसवलं. बाकी तीन जागी रबर. "भगवान मालिक," असं म्हणून त्यानं हात पुसले. मेकॅनिकनं देवाचं नाव घेतलं की गिऱ्हाइकानं सावध व्हावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदशेकणीच्या दिवशी, सकाळी आम्ही निघालो आणि पहिल्याच खड्ड्यात मी कान टवकारले. आवाजच नाही! दुसरा खड्डा, नाही. तिसरा तर मी मुद्दाम घेतला. नाही म्हणजे नाही. मोटार नुसती एकदा झुकली आणि सावरली. मला पहिल्यांदाच इंजिनाचा आवाज ऐकू आला, मागच्या सीटवर पिशवीतली भांडी एकमेकांशी बोलत होती तीही ऐकू आली. दोन्ही बाजूंनी कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार. मी बापडा भारावून गेलो. "इंदू, ऐक," म्हटलं. ती म्हणाली, "काय ऐकू? काही ऐकूच येत नाई." मी म्हटलं, "तेच!"

एकच अडचण झाली. आवाज नसल्यामुळे रस्त्यातून कुणी हटेना. आर्णीच्या बाजारात एक शेळी मधोमध उभी. मी हॉर्न दाबला तर तो वाजला नाही. सवयच नव्हती त्याला. शेवटी इंदूबाईनं काचेतून डोकं बाहेर काढून असा काही आवाज दिला की शेळी, तिचा मालक आणि एक हवालदार असे तिघं बाजूला झाले. महागाव गेलं, उमरखेड गेलं, आणि दुपार कलताना आम्ही ढाणकीला सासऱ्यांच्या दारात, आपल्या चाकांवर, उभे!

बाबाराव बाहेर आले. उंच, काटकुळा माणूस, पांढरी मिशी. त्यांनी आधी मोटारीच्या पुढे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

"बैल कुठं सोडले?"

"बैल नाहीत, मामाजी."

त्यांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली. मग इंजिनाच्या टोपणावर हात ठेवला, तो झटकन उचलला आणि पुन्हा हळूच ठेवला. "अंग तापलं की हो इचं! लय दमली असन. येवढ्या दुरून आनलं पोरीले." त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते कोर्टात कधी दिसत नाही. मी विरघळलो. त्यांनी विचारलं, "जवाईबापू, सारा भार कुठं पडते इचा?" आणि मी, उत्साहाच्या भरात, जमलेल्या सगळ्या माणसांना मोटारीचे हात, खांदे आणि खांद्यातलं कडं असं सविस्तर समजावून दिलं. त्यांचा सालदार उकंडा तर ऐकता ऐकता खाली वाकून बघूनही आला. मी सगळं सांगितलं. फक्त तेल-तुपाचं सांगायचं राहिलं.

"उद्या तुम्ही हिच्यात बसायचं, मामाजी. तोरणापर्यंत," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. इंदूबाई पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडत होती असा माझा संशय आहे.

संध्याकाळी मी हातपाय धुऊन ओसरीवर चहा पीत बसलो होतो. अंगणात खांदशेकणी चालली होती. हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे गरम तुपा-हळदीनं शेकतात. वर्षभर जू वाहून तिथली कातडी घट्टे पडून राठ झालेली असते. पळसाच्या पानानं तूप लावायचं, हात जोडायचे, आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल डोळे अर्धे मिटून उभा राहतो. एवढं मोठं जनावर, पण त्या वेळी लहान लेकरू वाटतं.

पवळ्या झाला, चांद्या झाला. मग सगळे माझ्या मोटारीकडे वळलेले दिसले. मी कप खाली ठेवला. मोटारीखालून दोन पाय बाहेर आले होते, पण हे देवीलालचे नव्हते. पायांजवळ तुपाची वाटी रिकामी पडली होती.

"उकंडा!" मी ओरडलो.

उकंडा बाहेर आला. कोपरापर्यंत हळद. चेहरा असा उजळलेला, जणू स्वतःच्या मुलाला न्हाऊ घातलंय. "चारी खांदे शेकले, साहेब! डाव्या अंगाचा लय कोरडा होता. त्याले डबल तूप पाजलं. पेला बिचारा सारं!"

"अरे पण रबराला..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात राहिलं. कारण बाबाराव, सासूबाई, इंदूबाई, आजूबाजूचे बाया-बाप्ये, सगळे माझ्या मोटारीपुढे हात जोडून उभे होते. आणि मामाजी त्या हिरव्या लोखंडाला हळू आवाजात म्हणत होते, "माय, आज आवतन घ्या. उद्या जेवाले या." काय सांगू! माझ्या मोटारीला आजवर लोकांनी डबडं म्हटलं, धूड म्हटलं, घागरसुद्धा म्हटलं. जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. मीही हात जोडले.

सकाळी इंदूबाईनं हलवून उठवलं. "अहो, उठा. मोटार लंगडली."

मोटारीचं डावं चाक आत वळून असं तिरकं झालं होतं, जणू ती लाजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरते आहे. विहिरीपाशी घरची दोन कुत्री एका वस्तूवरून भांडत होती. वस्तू होती देवरावांची मोट. तुपानं मऊ आणि सुगंधी झालेलं ते चामडं खांद्यातून अलगद सुटलं होतं, आणि ज्या चामड्यानं विहिरीचा भार झेलला त्याला कुत्र्यांचा झेपला नव्हता.

मी घरात न जाता मोटारीच्या पायरीवर बसून राहिलो. गावात ढोल सुरू झाला. बैलांच्या शिंगांना बेगड लागत होती, झुली चढत होत्या. मामाजी नवं धोतर नेसून, फेटा बांधून बाहेर आले. त्यांनी चाकाकडे पाहिलं आणि ते फेट्याचं टोक नुसतं हातात धरून उभे राहिले. गेल्या पोळ्याचं हसू पुन्हा गावात फिरणार, हे त्यांना दिसलं असावं. मला तर दिसलंच. इंदूबाई दारात उभी होती. ती काही बोलत नव्हती, आणि 'दिवाईच्या आत' हे शब्द मला त्या न बोलण्यातून स्वच्छ ऐकू येत होते.

"हळूहळू चालवतो," मी उठून म्हटलं. "चाक गेलं तर जाऊ दे."

"कोनाले चालवता?" मागून आवाज आला. शेजारच्या तांड्याचे नाईक बाबूसिंग आपली जोडी घेऊन आले होते. त्यांच्या आज्या-पणज्यांनी लदेणी केलेली, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातलेले. बैलाच्या बाबतीत ह्या पंचक्रोशीत त्यांचा शब्द म्हणजे हायकोर्ट.

"मोटारीले आवतन देलं का काल?"

"देलं," बाबाराव म्हणाले.

"खांदे शेकले?"

"शेकले," उकंडा म्हणाला. "डबल."

"मंग आज कशी चालवता, वकीलसाहेब? आवतन देलेल्याले पोयाच्या दिशी कोनी कामाले लावते काय? पाप हाय ते."

मी युक्तिवाद केला. मोटार हा बैल नव्हे, तिला शिंगं नाहीत, शेपूट नाही, असं मी म्हटलं. बाबूसिंग म्हणाले, "भार वायते ना?" मी म्हटलं, "वाहते." "मंग झालं तर." आयुष्यात इतक्या थोडक्यात मी कधी हरलो नव्हतो. बैल जुंपावेत तर बैलांनाही आवतन. एकही वाट राहिली नाही.

तेव्हा बाबारावांनी फेट्याचं टोक खोचलं. आणि ते म्हणाले, "मोटारीले आवतन हाय, बैलायले आवतन हाय. मानसायले कोनी देलं काय?"

मग उकंडा पळत जाऊन बंडीची लांब दांडी घेऊन आला. ती मोटारीच्या तोंडाखालून आडवी घातली, दोरांनी आवळली. बाबूसिंगांनी आपली जोडी खांबाला बांधली, अंगरखा काढला. तांड्याची माणसं आली, गल्लीतली आली. गेल्या वर्षी हसलेले दोघेतिघे मी ओळखले. तेही आले.

"मामाजी, तुम्ही आत बसा," मी म्हटलं. "अट आहे."

"मी बसलो तर एक खांदा कमी होते," ते म्हणाले. "इंदू, तू बस."

आणि मोटारीचं तोंड उचललं गेलं! मागची चाकं जमिनीवर, पुढची हवेत, दांडी माणसांच्या खांद्यांवर. एका टोकाला उकंडा, मग मी, माझ्या शेजारी माझे सासरे, पलीकडे बाबूसिंग आणि त्यांची माणसं. एरवी खांदा द्यायला चौघं लागतात, आणि ज्याला देतात तो दाद देत नाही. पण आमच्या मोटारीनं दिली. कुठलासा सांधा हलला आणि खूप दिवसांनी तिनं 'कुंईऽऽ' केलं. लोकांनी "हर हर महादेव!" म्हणून आरोळी ठोकली.

दांडी माझ्या खांद्याच्या हाडात रुतत होती. मला ती अनारशाएवढी कडी आठवली. बाप रे! हे असं त्यांनी वर्षानुवर्षं सोसलं, आणि मी वर खुर्चीत बसून खड्डे घेत होतो. आणि पवळ्या-चांद्या? तेही न बोलता. मला खरोखर भरून आलं. मी बाजूला पाहिलं तर मामाजी हसत होते. आत इंदूबाई दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरून बसली होती. पुढची चाकं हवेत होती, तरी मारुतीच्या पाराशी वळण आलं तेव्हा तिनं ते बरोबर फिरवलं.

तोरणाखाली पहिल्या रांगेत पवळ्या, चांद्या आणि त्यांच्या शेजारी हिरवी मोटार अशी उभी राहिली. कुणीतरी तिच्या दिव्यांना बाशिंग बांधलं. रांगांवर रांगा, शेकडो शिंगं, झुली, घुंगरं, आणि मधे ती! मी आ वासून बघत होतो. मग झडत्या, म्हणजे पोळ्यात एकमेकांवर टाकायची गाणी, सुरू झाल्या, आणि बाबूसिंगांनी हात वर करून आपली टाकली:

"पाटलाचा गोऱ्हा खाते ढेप अन् सरकी,
वकिलाच्या मोटारीची मान झाली तिरकी,
लोकायचे खांदे चिखलात, तिचे खांदे तुपात,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

गाव हसलं. पोट धरधरून हसलं. पण यंदाच्या हसण्यात मामाजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझा उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता. ओसरीवर मामाजी आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो, दोघंही एका अंगाला कललेले. इंदूबाई आतून कोमट तुपा-हळदीची वाटी आणि पळसाचं पान घेऊन आली. आधी तिनं बापाचा खांदा शेकला. मग माझा. तिचा हात फार हलका लागला. मी डोळे अर्धे मिटले.

"मग?" मी विचारलं. "दिवाळीच्या आत?"

"आवतन देलेल्याले कोनी बाजार दाखोते काय जी?" ती म्हणाली. मग माझ्यासमोर तिनं हात जोडले आणि हसू दाबत म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाटीत तूप थोडं उरलं होतं. ती वाटी घेऊन ती अंगणात उतरली आणि सरळ मोटारीकडे निघाली. माझ्या कानात देवीलाल ओरडत होता. रबर, घी, दुश्मनी! मी सांगायला तोंड उघडलं. ती मोटारीपुढे वाकली होती, आणि तिच्याशी काहीतरी हळू बोलत होती.

मी तोंड मिटलं. फक्त उकंडाला हाक मारून म्हटलं, "आज कुत्री तेवढी बांधून ठेव."